पुढच्या तीस वर्षांचा सर्च

"मागच्या तीस वर्षांत एकही बोजा नाही. टायटल स्वच्छ आहे," तांबोळी वकीलबाई म्हणाल्या, पण दुसरा कागद त्यांनी हाताखाली दाबून ठेवला.

"आणि पुढच्या तीस वर्षांचा सर्च?" मृदुलानं विचारलं. तिचा नवरा श्रीनिवास खाली गाडी लावायला गेला होता.

"बँक मागते म्हणून काढावा लागतो. पुढं होणाऱ्या नोंदी दाखवणारं ते यंत्र सहसा चुकत नाही. पण वाचायलाच हवा असं नाही."

मृदुलानं कागद ओढून घेतला. फ्लॅटची एकच विक्री दिसत होती, सात वर्षांनंतरची. विकणारा श्रीनिवास एकटाच. सोबत पत्नीच्या मृत्यूचा दाखला, विक्रीच्या पाच महिने आधीचा.

ती उठून खिडकीशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली.

"दुसरं घर घेतलं तर?"

"विक्रीची तारीख बदलेल," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "दाखल्याची नाही."

बाराव्या मजल्यावरचा हा फ्लॅट मृदुलानंच हट्टानं ठरवला होता. श्रीनिवासला तळमजल्यावरची ती जुनी जागा हवी होती, मागे झाडं लावण्यापुरती माती असलेली. त्या फ्लॅटमध्ये एकट्यानं राहणं त्याला पाच महिन्यांपलीकडे जमणार नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. तिनं घाईघाईनं कागद पर्समध्ये कोंबला.

"झालं? कुठे सही करू?" श्रीनिवासनं आत येत विचारलं.

"इथे नको," ती म्हणाली. "ती तुझी मातीवाली जागा अजून गेली नसेल ना? आत्ताच फोन कर."