खळगा
स्तूपासमोरच्या दगडाला कपाळं टेकून टेकून ओंजळीएवढा खळगा पडला होता. “पर्यटक फोटो काढणार, हे चांगलं दिसतं का? बुजव,” पुरातत्त्व खात्याचे साहेब म्हणाले. मी गवंडी, काय बोलणार! उद्घाटनाच्या सकाळीच चुना भरून दगड सपाट केला. अकराला डागडुजी झालेल्या स्तूपाचं उद्घाटन, पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली, तेवढ्यात साहेबांच्या आई काठी टेकत आल्या. त्यांना दिसत नाही. रोजच्यासारख्या वाकल्या, कपाळ टेकवलं आणि चरकल्या. बोटं दगडभर फिरली. “बाळा, हा आपला दगड नाही. माझ्या आजीचं कपाळ जिथं टेकायचं, तो कुठं नेलास?” तिकडे मांडवातून साहेबांच्या नावाचा पुकारा चालला होता. ओल्या चुन्यात आईंच्या कपाळाचा ठसा उमटला होता. साहेबांनी हात पुढे केला. “थापी दे.” मला वाटलं, ठसा पुसणार. ते गुडघ्यांवर बसले, चुना खरवडू लागले. “थांब आई, इथंच आहे.”