पूजेचं रीळ
"कॉपी नको, मूव्ह कर, देवश्री," साहेब म्हणाले. म्हणजे अपघाताची फाईल मुंबईच्या ऑफिसात जाणार आणि आमच्या महाडच्या कारखान्यातल्या मेनफ्रेमवरून पुसली जाणार. वायूचा दाब वाढल्याचा इशारा तिच्यात होता. तरी साहेबांनी प्लांट चालू ठेवला आणि तिथले कामगार सोनबाकाका गुदमरून गेले. "रोजच्या बॅकअपच्या टेपची रिळंही कोरी कर." दातओठ खात मी केली. दुपारी सरकारी निरीक्षक आले, मागोमाग काकू. "चूक कामगाराचीच," साहेब म्हणाले. "माज्या घरवाल्याची चूक नाय! तुजा कंप्युटर काय म्हनतो गो?" काकू कडाडल्या. "काहीच नाही," साहेब हसले. माझं डोकं सणकलं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती. साहेबांनी यंत्रांच्या पूजेत आदल्या, म्हणजे अपघाताच्या दिवसाच्या रिळाला स्वतः कुंकू वाहिलं होतं. ते अजून देव्हाऱ्यातच होतं, कोरं करायचं राहिलेलं. मी ते कुंकवासकट मशीनवर चढवलं. "बसा, काकू. आता बोलेल तो."