आठवं टेबल

रुग्णवाहिका केंद्राची फोनयंत्रणा कुणालाही फुकट वापरता येईल अशा खुल्या सॉफ्टवेअरवर चालायची. वर्षानुवर्षं तिनं एकही कॉल गाळला नव्हता. टेबलं वाढली, तशी तीही वाढत गेली. आज मात्र खोलीत टेबलं सातच होती आणि पडद्यावर आठवं दिसत होतं. येणारा प्रत्येक कॉल तिकडेच जात होता, आणि तिकडे कुणीतरी तो उचलत होतं.

कॉल घेणाऱ्या ताईला पडद्यावर आपल्याच घरचा नंबर दिसला. घरी आई एकटी होती, हृदयाची दुखणेकरी.

"दादा, काढून टाका ना ते टेबल!"

"मुळासकट काढतोय गं," घामाघूम झालेला मेकॅनिक म्हणाला. "हरळीसारखं परत उगवतंय. फोनलाइनची वायरसुद्धा उपटलीय, ही बघ."

ताईनं हेडफोन चढवला. चालू कॉल नुसता ऐकता यायचा, मध्ये बोलता यायचं नाही.

"घाबरू नका, आई," एक मऊ आवाज सांगत होता. "आमचा माणूस निघालाय. दाराची कडी तेवढी काढून ठेवा."

"आई, काढू नकोस!" ताई जीव तोडून ओरडली.

पलीकडून आईचा धापा टाकणारा आवाज आला.

"कडी कशाला काढू, बाळा? तू तर कधीचा माझ्या उशाशी बसलायस."