बांधावरचा कॅमेरा

कॅमेरा बाभळीच्या खोडाला बांधून झाल्यावर सरितानं त्याचं तोंड आपल्या शेताला लागून असलेल्या विश्वंभरच्या बांधावरच्या विजेच्या खांबाकडं वळवलं आणि वरून दोन फांद्या ओढून घेतल्या. समोर काही हललं की हा आपोआप फोटो काढायचा आणि आतल्या सिमकार्डावरून थेट मोबाइलवर पाठवायचा. हिंगोलीच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपनं नवशिक्यांना हात बसावा म्हणून तो दिला होता. रानमांजर, साळिंदर असलं काही टिपा, असं म्हणाले होते.

सरिताला माणूस टिपायचा होता.

तिनं रानातल्या जनावरांचे फोटो काढायचा छंद धरला तेव्हा सिद्धेश्वर धरणाजवळचं ते गाव पोट धरून हसलं. बायकांचे छंद गावाला दोनच माहीत, टीव्ही आणि भांडण. फक्त तिचे सासरे सोनाजी हसले नाहीत. जुना कॅमेरा घ्यायला हिंगोलीला बरोबर गेले ते तेच. ती रानात पालथी पडून राहायची तेव्हा पाण्याची बाटली आणून द्यायचे तेही तेच. चारचौघांत वर सांगायचे, "औंदा डुकरांनी सगळ्यांचा हरभरा तुडवला, आपला तेवढा शाबूत. सूनबाईच्या कॅमेऱ्याला भेतेत बग."

तिचे पहिले नीट आलेले फोटो खोकडाचे, त्या लहानखुऱ्या कोल्ह्याचे. विश्वंभरच्या बांधाखाली बीळ होतं. मादी आणि तिची पिल्लं. सुरुवातीचे सगळे फोटो हललेले. मग ती श्वास धरायला शिकली, पोटावर सरकत पिल्लांच्या डोळ्यांइतकं खाली जायला शिकली. पिल्लं तिच्यासमोर एकमेकांचे कान चावत लोळायची.

एका सकाळी ती सगळी बांधावर आडवी पडलेली सापडली. तोंडं करपलेली, खालचं गवत जळालेलं. तार कुठंच नव्हती. नसतेच ती. अंधार पडता पडता खांबावरच्या लाइनीवर आकडा टाकायचा, उघडी तार पिकाच्या कडेनं सोडायची आणि उजाडता उजाडता गुंडाळून न्यायची. डुकरांचा हा बंदोबस्त कोण करतं, असं विचारलं की गाव आभाळाकडं बघतं.

सोनाजींनी खड्डा खणला. सरिता तडक विश्वंभरच्या दारात गेली.

"तार माझी न्हाई," दात कोरत तो म्हणाला. मग ओट्यावरच्या मंडळींकडं वळला. "आन तेरवी कधी हाय खोकडाची? जेवायला येतो आमी."

ओटा खदखदला. कोण किती हसलं ते सरितानं नीट बघून ठेवलं. जो फक्त मिशीत हसला, तोही सुटला नाही.

"सोड बाई," सोनाजी घरी म्हणाले. "मुकी जनावरं व्हती. त्याच्यापायी वैर काहून वाढवतीस?"

"तुमचं मन लई मऊ हाय, मामा."

म्हणूनच बाभळीवरच्या कॅमेऱ्याबद्दल तिनं त्यांना अवाक्षर सांगितलं नाही. म्हाताऱ्याला दया यायची आणि विश्वंभर सावध व्हायचा, असा तिचा हिशेब.

वनरक्षक प्रेमसिंगला मात्र सगळं सांगितलं. फोटो जायचा नंबरही त्याचाच टाकला.

"तुमचा काहून न्हाई टाकला?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडं आला तर लोक म्हणतील, बाईनंच काहीतरी जोडजाड केली. तुमच्याकडंच येऊ द्या."

"ताई, एक सांगतो. असल्या केसमदी तक्रार करणाराच मागं फिरतो. चार लोक मधी पडतेत, कुणीतरी पाया पडतं, मंग चालू, जाऊ द्या साहेब."

"मी न्हाई फिरणार. तुमी बी फिरायचं न्हाई. पाया कुणीबी पडू द्या. शब्द द्या."

प्रेमसिंगनं शब्द दिला.

मग बरेच दिवस त्याच्या फोनवर मुंगूस आलं, ससा आला, एक लांडोर तर कॅमेऱ्यात डोळा घालून बघून गेली. नवशिक्याला याच्यात हुरळून जायला हवं होतं. सरिता प्रत्येक वेळी एवढंच विचारायची, "आजूक?"

शेवटी एका सकाळी त्याचा फोन आला.

"आला फोटो. हातात आकड्याची काठी, तार काढून राहिला. तोंड साफ दिसतं. ताई, तुमाला पाठवू का? एकदा बघून घ्या."

"मला काय बघायचंय त्याचं थोबाड? रोज समोरच हाय. शब्द दिला व्हता ना तुमी?"

"दिला व्हता."

"मंग निघा."

तिनं चहा टाकला, साखर जरा सैल हातानं घातली. वेणी घालून बाहेर आली. गल्लीच्या पलीकडं विश्वंभर ओट्यावर बसून दात घासत होता. नेहमीची मंडळीही होती, एकही गैरहजर नाही.

"भाऊ, आंघोळ उरकून घ्या," ती मोठ्यानं म्हणाली. "पाव्हणे येऊन राहिले, जीप घेऊन."

"कोणचे पाव्हणे?"

"तेरवीचे."

आज ओटा हसला नाही. हेही तिनं बघून ठेवलं.

सोनाजी नुकतेच शेतातून आले होते. हातपाय धुऊन दाराशी टेकले. तिनं त्यांच्या हातात कप दिला.

"काय झालं बाई? कोण येऊन राहिलं?"

"बसा मामा. निवांत बसून बघा."

जीप गल्लीत वळली तशी बायका उंबऱ्यावर आल्या. विश्वंभरनं तोंडातला फेस थुंकला आणि कुणी काही विचारायच्या आधीच हात जोडले. "साहेब, देवाशप्पत सांगतो, तार माझी न्हाई."

प्रेमसिंग त्याच्यासमोर थांबलाच नाही. गल्ली ओलांडून अलीकडं आला. सरिताकडं त्यानं बघितलं नाही. दाराशी येऊन डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच खाली वाकला.

"सोनाजीबाबा," तो म्हणाला, "च्या पिऊन घ्या, मंग चप्पल घाला."