फक्त बघण्यापुरते

"माझंच एडिटिंग बंद? मॅनेजर मी की तू?" साहेब साइट ऑफिसात शिरले ते ओरडतच.

शाळेच्या नव्या स्लॅबचे टेकू काढायला अजून नऊ दिवस होते. उद्घाटनाच्या घाईपायी साहेबांनी सॉफ्टवेअरमधली तारीख गुपचूप उद्यावर आणली होती. कच्च्या स्लॅबखाली मरणार कोण? साहेब थोडेच! मंगलने तारीख पुन्हा होती तिथे नेली आणि साहेबांना फक्त बघण्यापुरतं ठेवलं.

"मॅनेजर तुम्हीच, सर. पण तारखेला हात कुणी लावायचा ते ॲडमिन ठरवतो. ॲडमिन मी आहे, तुम्हीच केलंत."

"डेटा एंट्रीला आलेली पोरगी तू! आत्ता काढून टाकतो."

"काढा की. गफूरचाचांनाही ॲडमिन केलंय मी."

टेकू काढणाऱ्या टोळीचे मुकादम गफूरचाचा दारातच उभे होते. "साहेब, स्लॅबखाली माझी माणसं असतात," ते म्हणाले. "मी बी तारीख हलवणार नाही."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि उद्घाटन पुढे ढकलायला फोन लावला.

एरवी ते आले की मंगल खुर्ची सोडून उभी राहायची. आज ती बसूनच होती.