शेवटचा सॉकेट

वीज गळाली की सर्व्हरच्या रॅकमधली प्लगपट्टी वाजावी, म्हणून मी तिचा अलार्म लावत होते. भरे गावच्या याच कारखान्यात माझा बाप, धाकलू वायरमन, याच पट्टीला चिकटून मेला. त्याच्या आधीच कटकट नको म्हणून साहेबांनी तिचा अलार्म बंद करायला लावला होता.

शेवटच्या सॉकेटमध्ये काहीच जोडलेलं नव्हतं. तरी स्क्रीनवर त्यातल्या विजेचा आकडा हलत होता.

साहेब दारात आले, तसा आकडा चढला. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि अलार्म कोकलायला लागला.

"ए राणी, बंद कर ते!" साहेब दचकून मागं सरत खेकसले.

मी बटण दाबलं. आवाज थांबला. आकडा शून्यावर जाऊन दबा धरून बसला.

"केला बंद, साहेब. या की आत."