आधी मॅगझिन

"बोट बघ. कुठाय माझं बोट?" ऑर्विल टॅकेट म्हणाले.

लोरीनने बघितलं. तळहातात मावेल एवढं ते पिस्तूल वडिलांच्या उजव्या हातात होतं. नळी विटांच्या धुराड्याकडे, आणि तर्जनी चापापासून लांब, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलेली. ते बोट आयुष्यभर तसंच होतं. पाण्याचा पाइप धरला तरी सरळ, भिंतीला भोक पाडायचं ड्रिल धरलं तरी सरळ. पेट्रोल भरताना तिचं स्वतःचंही बोट तसंच राहायचं आणि तिचा नवरा हसायचा.

"एक चूक दाखव," ते म्हणाले. "एकच. मग हे पिस्तूल खुशाल घेऊन जा. नाही सापडली तर मुकाट्याने गाडीत बसायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल, डॅडी."

शेजारच्या मिस ऑपलचा फोन आला म्हणून ती तीन तास गाडी हाकत आली होती. मंगळवारी ऑर्विलनी पोस्टमनला दारातच अडवलं होतं आणि तू कोण म्हणून विचारलं होतं. अकरा वर्षं तोच पोस्टमन येतो. विचारताना त्यांचा हात सदऱ्याखाली, कमरेवर होता. "माणूस गेला असता गं," ऑपल म्हणाली होती. लोरीन नुकतीच वृद्धाश्रमातली सलग सहा दिवसांची पाळी संपवून घरी आली होती. तिथेही हेच, आणि इथेही हेच. खरं सांगायचं तर म्हातारा जिंकला तर बरं, असंच तिला वाटत होतं. थकलेल्या माणसाला हरणं फार सोपं जातं.

आणि हा म्हातारा हरणारा नव्हता. ज्यांना कपड्यांच्या आत पिस्तूल बाळगायचं असे, त्यांचा शनिवारचा वर्ग त्याने सव्वीस वर्षं घेतला होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंपासून दात काढणाऱ्या डॉक्टरपर्यंत अर्ध्या गावाची बोटं त्याने सरळ केली होती. जीभ मात्र तिखट. "रिकामं आहे असं म्हणणारेच माणसं मारतात," हे त्याचं रोजचं वाक्य. रिकामं म्हणून दिलेलं पिस्तूल भरलेलं निघालं, की शिक्षा ठरलेली: कमरेचा पट्टा काढायचा, टेबलावर ठेवायचा, घरी जायचं आणि थेट पुढच्या वर्गाला यायचं. गयावया चालत नसे. एकदा त्याने स्वतःच्या बायकोलाच घरी पाठवलं होतं. त्या संध्याकाळी त्याची अंडी त्यालाच तळून घ्यावी लागली. तीन वर्षांपूर्वी तो वर्ग बंद झाला. त्या सभागृहात आता ट्रॅक्टरचे टायर विकतात.

"आता रिकामं करतो. डोळे उघडे ठेव."

त्यांनी पिस्तुलाच्या वरची सरकती स्लाइड झटक्यात मागे ओढली. नळीतली न झाडलेली गोळी बाहेर उडाली आणि त्यांनी ती वरच्या वर झेलली. एकोणऐंशीव्या वर्षी! मग त्यांनी पिस्तुलाच्या मुठीतून गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन खाली सोडलं आणि राजम्याच्या वाडग्याशेजारी नीट ठेवलं.

"रिकामं," ते म्हणाले आणि पिस्तूल तिच्यापुढे धरलं. "काय? विसरला का म्हातारा?"

"नाही, डॅडी," लोरीन म्हणाली. तिला हायसं वाटलं. पिस्तूल घेऊन ती ते टेबलावर ठेवणारच होती. पण हातांना सवय होती. देणारा कुणीही असो, अगदी पाद्री असो, घेणाऱ्याने उघडून बघायचंच. तिने नळी धुराड्याकडे वळवली आणि स्लाइड ओढली.

दुसरी गोळी बाहेर पडली आणि घरंगळत मक्याच्या पावाच्या ताटलीला जाऊन लागली.

आधी मॅगझिन, मग स्लाइड. टाळ्या वाजवून त्यांनी हे गावाला पाठ करून घेतलं होतं. उलटं केलं की स्लाइड एक गोळी बाहेर काढते आणि खालच्या मॅगझिनमधली दुसरी नळीत भरते. मग मॅगझिन काढून काही उपयोग नसतो. पिस्तूल रिकामं दिसतं, इतकंच.

ऑर्विल त्या गोळीकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला. तो शनिवारचा, वर्गातला आवाज होता.

"हे कुणी रिकामं केलं?"

ते खरंच विचारत होते, हे तिच्या लक्षात आलं. 'मी' म्हणणं अगदी सोपं होतं. त्यांचा मान राहिला असता. आणि पिस्तूलही इथेच राहिलं असतं, पोस्टमन उद्याही येणार होता.

"तुम्ही, डॅडी."

"मी?"

"तुम्हीच. मी बघितलं."

त्यांनी मान हलवली. मग ते टेबलाचा आधार घेत उठले. पट्ट्याचं बक्कल काढायला त्यांना वेळ लागला, पण तिने मदत केली नाही. पिस्तुलाच्या चामडी म्यानासकट पट्टा त्यांनी टेबलावर ठेवला. एका शब्दाने गयावया केली नाही. लोरीनने सगळं पंच्यात गुंडाळलं. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही.

"रडतेस काय, पोरी? नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. पँट घसरू नये म्हणून त्यांनी ती एका हाताने धरली होती. "बरं, पुढचा वर्ग कधी आहे?"

लोरीनने नाक पुसलं.

"एप्रिलमध्ये, डॅडी," ती म्हणाली. "तुमचं नाव मी लिहून ठेवते."